लढाईचा पट आणि मृतांची मोजदाद

युरोपातील पुष्कळ देशांत, आणि आता जगाच्या इतर भागांतही, प्रौढ व सुशिक्षित माणसे एका विलक्षण खेळात रमलेली आढळतात. एक मोठे मेज घ्यावयाचे, त्यावर टेकड्या, नद्या व गावे उभी करावयाची, आणि शिशाच्या किंवा प्लॅस्टिकच्या रंगविलेल्या सैनिकांच्या रांगा समोरासमोर मांडून इतिहासातील एखादी लढाई पुन्हा लढावयाची, असे या खेळाचे स्वरूप आहे. इंग्रजीत त्यास वॉरगेम म्हणतात. आपण त्यास युद्धखेळ म्हणू. हा खेळ आरंभणाऱ्यास प्रथम तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. कोणते युद्ध निवडावे? कोणते नियम पत्करावे? आणि प्रमाण कोणते धरावे, म्हणजे पुतळी केवढी असावी व ती एक पुतळी किती माणसांच्या जागी उभी आहे असे मानावे? खेळाडू या प्रश्नांचा विचार बहुधा सोयीच्या दृष्टीने करतात. मेज केवढे आहे, खर्च किती झेपेल, वेळ किती मिळेल, एवढ्यावर निर्णय होतो. आमच्या मते हे तिन्ही प्रश्न सोयीचे असण्यापूर्वी नीतीचे आहेत. कोणाला पाहावयाचे आणि कोणाला विसरावयाचे, याचा निवाडा त्या प्रत्येक उत्तरात होऊन जातो, आणि खेळणाऱ्यास त्याची जाणीवही नसते.

हा विषय परक्यांचा आहे असे म्हणून तो बाजूस सारता येत नाही. ज्या खेळापासून हे सारे निघाले तो चतुरंग आपल्याच भूमीत जन्मला, असे बहुतेक विद्वान मानतात. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे पटावर आणणारी बुद्धी आपल्या पूर्वजांची. तो खेळ इराण व अरबस्तान या मार्गाने युरोपात गेला, आणि तेथे शतकानुशतके खेळला गेल्यावर काही लोकांस वाटू लागले की, चौसष्ट घरांच्या या पटात खऱ्या युद्धाचे फारसे काही उरलेले नाही. १७८० साली ब्राउनश्वाइग येथील हेलविग नावाच्या गणितज्ञाने दीड हजारांहून अधिक घरांचा पट करून त्यावर निरनिराळ्या रंगांनी भूप्रदेश दाखविला. प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी पुढे घरेच पुसून टाकली. पित्याने १८१२ साली आपला खेळ राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यास सादर केला. तोफखान्यात अधिकारी असलेल्या पुत्राने १८२४ साली त्यास नवे रूप दिले. त्यात भूमीचे नकाशे होते, फासे होते, आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये बसणारा एक पंच होता. प्रशियाच्या सेनेने तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी स्वीकारला. पुढे इंग्लंडात एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे छोटे पुस्तक लिहून शिशाच्या सैनिकांचा खेळ सामान्य घरांच्या दिवाणखान्यापर्यंत पोहोचविला.

वेल्स हा युद्धाचा चाहता नव्हता. खेळण्यातल्या लढाईत किती घोटाळे होतात हे ज्याने पाहिले, त्यास खरे युद्ध केवढा अविचार असेल हे उमगल्यावाचून राहणार नाही, असे त्याचे सांगणे होते. त्याचे पुस्तक निघाले आणि पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. यावरून त्याचे म्हणणे खोटे ठरले असे आम्ही म्हणत नाही. खेळ आपण होऊन कोणास शहाणपण देत नाही, एवढे मात्र यावरून दिसते. शहाणपण यावयाचे असेल तर ते खेळ कसा मांडला यातून येईल. म्हणून त्या तीन प्रश्नांकडे वळले पाहिजे.

परंतु त्यापूर्वी एक शंका दूर करणे अवश्य आहे. कोणी म्हणेल, हा केवळ खेळ. बुद्धिबळात आपण रोज प्यादी मारतो, तेथे नीतीचा प्रश्न कोण काढतो? यास उत्तर असे की, बुद्धिबळातील प्याद्यास गाव नाही, आई नाही, मृत्यूची तिथी नाही. शेकडो वर्षांच्या खेळाने त्या पटावरील रक्त धुऊन निघाले आहे, आणि उरली आहे ती शुद्ध बुद्धीची चाल. ऐतिहासिक युद्धखेळ नेमके तेच धुऊन गेलेले नाव परत आणतो. खेळाडू जेव्हा म्हणतो की ही अमुक गावची लढाई आणि हा अमुक दिवस, तेव्हा त्याच्या बोटांतील पुतळी एका खरोखर जगलेल्या व मेलेल्या माणसाच्या जागी उभी राहते. नाव घेतले की ऋण लागते. बुद्धिबळाचा खेळाडू कोणाचेही देणे लागत नाही. इतिहास खेळणारा लागतो.

हे ऋण कसले, ते कळण्यास एक लढाई डोळ्यांपुढे धरू. असई हे गाव आज महाराष्ट्राच्या जालना जिल्ह्यात आहे. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली याने दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या संयुक्त सेनेवर हल्ला केला. मराठी सेना संख्येने कित्येक पटींनी मोठी होती, आणि तिचे कवायती पायदळ पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याच्या हाताखाली होते. समोरासमोरच्या दोन काठांवर दोन गावे दिसतात त्या अर्थी मध्ये उतार असलाच पाहिजे, असा तर्क करून वेलस्लीने नदी ओलांडली. पुढे वॉटर्लूचा विजेता म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टन या नावाने तो जगप्रसिद्ध झाला, तरी रणांगणावरील आपली सर्वोत्तम कामगिरी कोणती असे विचारले असता त्याने असईचेच नाव घेतले, असे सांगतात. साहजिकच युद्धखेळाच्या शौकिनांना ही लढाई मोह घालते. नदी, उतार, तटबंदीचे गाव, तोफांची रांग, थोड्यांनी पुष्कळांवर मिळविलेला जय, सारे काही तीत आहे. परंतु ज्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजांबरोबर उत्तरेस गेले, त्या ग्वाल्हेरकर वाचकांस हे नाव ऐकून मोह पडणार नाही. त्यांच्या मनात दुसरेच काही हलेल. एकाच मेजाभोवती बसलेल्या दोघांस ही लढाई दोन तऱ्हांनी दिसते. युद्धनिवडीचा नैतिक प्रश्न येथे सुरू होतो.

मग कोणते युद्ध निवडावे? जुने निवडावे, नवे टाळावे, असा एक सोपा नियम सांगितला जातो. त्यात तथ्य आहे. ज्या युद्धातील विधवा आजही कोणाच्या घरी कुंकवावाचून वावरत आहे, ते मेजावर मांडण्याची घाई करू नये. तथापि केवळ काळ लोटल्याने कसोटी पुरी होत नाही. १७६१ च्या पानिपतास अडीचशेहून अधिक वर्षे झाली, तरी मराठी घरांत तो शब्द अजून पराभवाचा पर्याय म्हणून उच्चारला जातो. वर्षांची संख्या एक गोष्ट सांगते आणि जखमेची ओल दुसरी.

आम्हांस दोन कसोट्या अधिक खऱ्या वाटतात. पहिली अशी की, ज्या प्रसंगी एका बाजूस काही करण्याची संधीच नव्हती तो प्रसंग खेळाचा विषय होऊ शकत नाही. खेळास दोन कर्ते लागतात. १९१९ साली जालियनवाला बागेत जे घडले ती लढाई नव्हती. तेथे एका बाजूस बंदुका होत्या आणि दुसऱ्या बाजूस कोंडलेली माणसे. तो प्रसंग जो पटावर मांडील त्याने दुसऱ्या बाजूच्या खेळाडूस काय करावयास सांगावे? तेथे नियम लिहिताच येत नाहीत, आणि लिहिले तर ते लिहिणेच पाप होईल. ऐतिहासिक कत्तली या अशा रीतीने खेळाच्या हद्दीबाहेर राहतात.

दुसरी कसोटी खेळाडूच्या स्वतःच्या मनाची आहे. जे युद्ध आपण निवडले, त्यातील नावडत्या पक्षाच्या बाजूने बसून प्रामाणिकपणे खेळण्याची आपली तयारी आहे काय? गोव्यातील एखाद्या वाचकाने फोंड्याच्या किल्ल्याचा १६८३ चा वेढा मेजावर मांडला असे समजा. पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर याने किल्ल्यास वेढा घातला आणि संभाजी महाराज मदतीस धावून आल्यावर त्यास मागे हटावे लागले, हा इतिहास त्यास अभिमानाचा वाटेल. परंतु खेळ पुरा व्हावयाचा तर कोणीतरी विजरईच्या जागी बसले पाहिजे, त्याच्या तोफा नीट लावल्या पाहिजेत, त्याची भीती व त्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे. ज्यास हे करवत नाही त्याने तो वेढा खेळू नये. त्याने त्या विजयाचे स्मरण करावे, पोवाडा ऐकावा, उत्सव करावा. स्मरण ही एक गोष्ट आणि खेळ ही दुसरी. शत्रूला मूर्ख किंवा राक्षस करून त्यावर पुन्हा पुन्हा विजय मिळवीत बसणे हे खेळाच्या नावाखाली चाललेले सूडाचे समाधान होय. त्यात पूर्वजांचाही मान राहत नाही, कारण मूर्खाला जिंकण्यात शौर्य कसले? उलट शिंद्यांच्या बाजूचा वंशज वेलस्लीच्या जागी बसला आणि इंग्रज खेळाडू पोलमनच्या जागी बसला, तर दोघेही काही शिकून उठतील.

आता नियमांकडे वळू. युद्धास नियम असावेत ही कल्पना आपल्यास नवी नाही. भीष्मपर्वाच्या आरंभी दोन्ही सेना समोरासमोर उभ्या राहिल्यावर काही समय ठरविले जातात. रथ्याने रथ्याशी लढावे, पायदळाने पायदळाशी. जो पाठमोरा झाला, ज्याचे शस्त्र मोडले, जो दुसऱ्याशी लढण्यात गुंतला आहे, त्यावर प्रहार करू नये. सारथी, ओझ्याची जनावरे, शस्त्रे वाहून आणणारे, भेरी व शंख वाजविणारे यांना मारू नये. पुढे अठरा दिवसांत हे नियम एकामागून एक मोडले गेले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु आम्हांस येथे दुसरीच गोष्ट दाखवावयाची आहे. मोडलेल्या नियमांची नोंद व्यासांनी दोन्ही बाजूंची ठेविली. अभिमन्यूचा वध जसा लिहिला तसाच द्रोणाचा, कर्णाचा आणि दुर्योधनाच्या मांडीवरील गदाप्रहारही लिहिला. ज्यांच्या बाजूस धर्म होता त्यांचाही अधर्म झाकला नाही. पंच असावा तर असा.

पंचाने डोळे मिटले म्हणजे काय होते याचे एक उदाहरण विसाव्या शतकातील आहे. १९४२ च्या मे महिन्यात जपानी आरमाराने मिडवेवरील स्वारीचा सराव पटावर केला. फुचिदा व ओकुमिया या दोन जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या ग्रंथात त्याची हकीकत नमूद केली आहे. अमेरिकी विमानांच्या हल्ल्याचा निकाल फाशांनी ठरविला असता नऊ बाँब लागले आणि अकागी व कागा ही दोन विमानवाहू जहाजे बुडाली असा निर्णय निघाला. पंचाच्या जागी असलेले ॲडमिरल उगाकी यांनी तो मानला नाही. त्यांनी नवाचे तीन केले, म्हणून अकागी वाचले. बुडालेले कागासुद्धा पुढल्या डावात पुन्हा तरंगू लागले. महिना उलटला, आणि ४ जून १९४२ रोजी सुरू झालेल्या खऱ्या लढाईत अकागी, कागा आणि आणखी दोन विमानवाहू जहाजे नष्ट झाली. तेथे नवाचे तीन करणारा कोणी नव्हता. पटावर बोललेले असत्य पटावरच राहत नाही. ते बोलणाऱ्याच्या बुद्धीत घर करते आणि त्याची किंमत दुसऱ्यांस मोजावी लागते.

त्याच वर्षी याच्या उलट उदाहरणही घडले. इंग्लंडात लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनी अटलांटिक महासागरातील जर्मन पाणबुड्यांचे डावपेच शोधण्यासाठी असाच एक खेळ उभारला. आरमाराच्या महिला दलातील तरुण मुली त्यांच्या साहाय्यक होत्या. एका खोलीच्या जमिनीवर समुद्र आखला होता; जहाजांचे अधिकारी पडद्याच्या फटीतून पाहत, जेणेकरून खऱ्या समुद्रावर जेवढे दिसेल तेवढेच त्यांस दिसावे. पाणबुड्या बाहेरून मारा करतात ही तोवरची समजूत होती. त्या मागच्या बाजूने काफिल्याच्या आत शिरतात, हे या खेळाने दाखवून दिले. सुमारे ५ हजार अधिकारी तेथे शिकून गेले. ज्या खेळात आपली प्रिय समजूत खोटी ठरू दिली जाते, त्याच खेळाने माणसे वाचविली. चांगल्या नियमाची ओळख हीच की, तो आपल्या इच्छेस प्रतिकूल असे काही सांगू शकतो.

फाशांविषयीही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. फासा म्हटला की आपल्या मनात शकुनी उभा राहतो, आणि ज्या द्यूतातून महायुद्ध निघाले त्याचे साधन पुन्हा युद्धाच्या पटावर पाहून धार्मिक मनास किळस येणे स्वाभाविक आहे. परंतु शकुनीचा दोष फाशाचा नव्हता, कपटाचा होता. गीतेने कर्माची पाच कारणे सांगताना दैव हे पाचवे गणिले आहे. राइसविट्झच्या फाशाचा अर्थ तोच. सेनापतीने कितीही उत्तम योजना केली तरी पाऊस, धुके, चुकलेला निरोप, थकलेला घोडा यांचा वाटा उरतोच, आणि तो वाटा न मानणारा खेळ माणसास अहंकारी करतो.

आता हाच विचार असईस लावून पाहू. त्या दिवशी इंग्रजी फळी मराठी तोफांवरून पुढे निघून गेली, तेव्हा पडून राहिलेल्या गोलंदाजांपैकी काही उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून पुन्हा मारा सुरू केला. इंग्रजी वृत्तांतांत याचा उल्लेख बहुधा कपट म्हणून येतो. परंतु स्वतःची फळी मोडलेली, शत्रू चहूंकडे, पळण्यास वाट मोकळी, अशा वेळी जो गोलंदाज आपल्या तोफेकडे परततो त्यास आपण काय म्हणावे? आता समजा, नियम असा आहे की शत्रू तोफेपर्यंत पोहोचला म्हणजे गोलंदाजाची पुतळी मेजावरून उचलावी. या एका साध्या वाक्याने त्या माणसांचे शौर्य इतिहासातून पुसले गेले. नियम लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. त्यास डाव लवकर संपवावयाचा होता. तरीही अन्याय झाला, आणि तो अशा माणसांवर झाला ज्यांची नावे कोठे लिहून ठेवलेली नाहीत.

तिसरा प्रश्न प्रमाणाचा. वरवर पाहता हा निव्वळ गणिताचा आहे. राइसविट्झच्या नकाशाचे प्रमाण एकास आठ हजार होते, म्हणजे एक किलोमीटर भूमी साडेबारा सेंटिमीटरांत बसे. एवढ्या उंचीवरून माणूस दिसत नाही. पलटणी ठोकळे होतात आणि गाव हा एक डाग होतो. उलट लंडनच्या ब्रिटन कारखान्याने १८९३ पासून जे पोकळ शिशाचे सैनिक बनविले त्यांची उंची ५४ मिलिमीटर असे. त्यांस चेहरा असे, मिशा असत, पट्ट्याचे बक्कल असे. पण तसे चाळीस सैनिक मांडले की मेज भरून जाई आणि लढाई दिसेनाशी होई. आज कोणी सहा मिलिमीटरांची पुतळी घेतो, कोणी पंधरा, कोणी अठ्ठावीस. उंचावरून पाहणाऱ्यास युद्धाचा आकार कळतो आणि माणूस हरवतो. जवळून पाहणाऱ्यास माणूस भेटतो आणि कारण हरवते. कोणतेही प्रमाण निर्दोष नाही. खेळाडूने निवडलेल्या प्रमाणाचा आंधळेपणा कोणता, एवढे ओळखून असावे.

परंतु प्रमाणाचा एक दुसराही अर्थ आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. पुष्कळ नियमावल्यांत एक पुतळी वीस माणसांच्या जागी मानतात. असईत वेलस्लीच्या बाजूची ४२८ माणसे ठार झाली. वीसच्या हिशेबाने या झाल्या एकवीस पुतळ्या, आणि उरली आठ माणसे. ती आठ माणसे कोठे गेली? पटावर त्यांना जागा नाही. १९९० सालच्या ‘डे बेलिस अँटिक्विटाटिस’ या प्रसिद्ध नियमावलीत तर सेना केवढीही असो, तिच्या बारा तुकड्या करावयाच्या असा संकेत आहे; तेथे आकडाच शिल्लक राहत नाही. खेळ म्हणून ही सोय आहे आणि सोयीवाचून खेळ होत नाही, हे आम्हांस मान्य आहे. तरी शेषाचे भान सुटू नये.

त्या ४२८ मृतांकडे आणखी निरखून पाहिले तर दिसते की, त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे इंग्रज नव्हती. ती कंपनीच्या पलटणींतील व घोडदळातील या देशचीच माणसे होती. मेजावर ती सारी ‘ब्रिटिश’ म्हणून एकाच बाजूस उभी राहतात. आणि मराठी बाजूचे मृत किती? तेथे एकंदर अंदाज आहेत. शेवटच्या माणसापर्यंतचा आकडा नाही. जिंकणाऱ्याने आपले मृत एकेक करून मोजले, जखमी मोजले, बेपत्ता मोजले. हरणाऱ्याचे मृत शेकड्यांनी व हजारांनी अंदाजले गेले. इतिहासातील ही असमानता पटावर जशीच्या तशी उतरते, आणि खेळाडूस वाटते की आपण केवळ आकडे वापरीत आहोत.

शिवाय पटावर जे मुळीच येत नाहीत त्यांचे काय? त्या काळच्या फौजेबरोबर बाजार चाले. वाणी, लोहार, पाणके, हमाल, बायका, मुले असा मोठा समुदाय छावणीत असे. पानिपतावर तर लढवय्यांहून अधिक संख्या अशा लोकांची होती, आणि त्यांत उत्तरेच्या तीर्थांस जाण्यासाठी निघालेले यात्रेकरूही होते. लढाई मोडल्यावर सर्वांत वाईट अवस्था त्यांची झाली. या लोकांच्या पुतळ्या कोण ओततो? नियमावलीत त्यांचे कलम नसते. असलेच तर ‘अडथळा’ या सदराखाली असते.

या संदर्भात आपल्याकडील एक रीत आठवते. महाराष्ट्रात आणि बेळगावकडे दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दगड व चिखल यांचा डोंगर, त्यावर पेरलेले अळीव, बुरूज, दरवाजा, मातीची चित्रे. वर सिंहासनावर शिवाजी महाराज. हाही लहान आकाराचा युद्धप्रदेशच आहे. परंतु त्याचे प्रमाण इंचाचे नसते, आदराचे असते. महाराज दरवाजाहून मोठे, मावळा त्यांच्या गुडघ्याएवढा, आणि पायथ्याशी शेतकरी, वाणी, पाणी भरणारी बाई, वासरू हेही असतात. शत्रू बहुधा नसतोच. मुले त्या किल्ल्यावर कोणाला हरवीत नाहीत. ती तो वसवितात. या रीतीने युद्धखेळ रद्द होत नाही, कारण दोहोंचे हेतू भिन्न आहेत. तथापि पायथ्याशी गाव मांडल्यावाचून किल्ला पुरा होत नाही, ही त्या मुलांची समजूत मोठ्यांच्या मेजावर यावयास हरकत नाही.

येथे कोणी विचारील की, एवढे सारे मनात वागविले तर खेळातील आनंद कोठे राहील? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. खेळ आनंदासाठीच असतो, आणि माणसाने दर घटकेस शोक करीत बसावे असे कोणत्याही धर्माने सांगितलेले नाही. पण आनंदाचेही प्रकार आहेत. कीर्तनात उत्तररंगास लढाईचे आख्यान लागते तेव्हा श्रोते रंगून जातात. त्या रंगण्यात शौर्याचा उल्लास असतो, तसाच मृत्यूचा गहिवरही असतो, आणि एकामुळे दुसरा कमी होत नाही. युद्धखेळाच्या खेळाडूसही हे साधेल. त्याने खेळापूर्वी गावाचे नाव, तिथी आणि लढाईचे कारण सांगावे. बाजू आलटून पालटून घ्याव्या. फासा विरुद्ध पडला तर तो तसाच राहू द्यावा. नदीकाठी सैन्य मांडताना गाव आणि बाजार यांनाही जागा ठेवावी, आणि तेथून सेना नेण्याची किंमत नियमात धरावी. डाव संपल्यावर दोन्ही बाजूंच्या पडलेल्या पुतळ्या मोजाव्या आणि त्या किती माणसांच्या होत्या हे एकदा उच्चारावे. या गोष्टींस फार तर पाव तास लागेल. ज्यास तेवढाही जड वाटतो, त्याने निनावी प्याद्यांचा पट घ्यावा. तोही उत्तम खेळ आहे आणि त्यात कोणाचे देणे नाही.

महाभारतात अठरा दिवसांचे युद्ध संपल्यावर स्त्रीपर्व येते. तेथे धृतराष्ट्र युधिष्ठिरास विचारतो की, दोन्ही सेनांतील किती माणसे पडली? युधिष्ठिर आकडा सांगतो: १६६ कोटी २० हजार. शिवाय ज्यांचा पत्ता लागला नाही असे २४ हजार १६५. या आकड्यांची ऐतिहासिक सत्यता तपासणे हे येथील प्रयोजन नाही. ज्याने कोटींचा हिशेब सांगितला त्याने शेवटच्या पासष्टांचा शेष सोडला नाही, हे पाहण्यासारखे आहे. आणि तो केवळ मोजून थांबत नाही. ज्यांना कोणी नाही, ज्यांचे देह ओळखणारे आप्त उरले नाहीत, त्यांचेही दहनसंस्कार यथाविधी व्हावेत अशी तो आज्ञा करतो. त्यांत शत्रूकडचे होते, दूरदेशीचे होते, भाडोत्री होते. जिंकलेल्या राजाचे पहिले काम हे ठरले.

आपल्या घरांत ही वृत्ती अजून निमालेली नाही. शस्त्राने मेलेल्यांसाठी पितृपक्षातील चतुर्दशी राखून ठेवली आहे. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी अमावास्या आहे. आणि तर्पणात जे आपले बांधव नव्हत त्यांनाही पाणी दिले जाते. असईच्या शेतांत जी माणसे पडली त्यांतील पुष्कळांस कोणी नावानिशी पाणी दिले नसेल. शिंद्यांकडील कवायती शिपाई, कंपनीकडील मद्रासी शिपाई, स्कॉटलंडातून आलेले पलटणवाले, तोफेकडे परतलेला गोलंदाज, आणि वीसच्या भागाकारात उरलेली ती आठ माणसे. जो त्यांची लढाई पुन्हा मांडतो त्याच्याकडे त्यांचे काही मागणे असेल तर ते फार मोठे नाही. मांडणाऱ्याने त्यांना मोजावे, दोन्हीकडचे मोजावे, आणि शेष सोडू नये.